मांडवात भेटलेली माणसं

सूरसंवाद : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत रागांच्या वेळा, घराण्यांमधला फरक, तानपुरा घ्यावा की इलेक्ट्रॉनिक पेटी हे नेहमीचे प्रश्न होतेच. ते पुढच्या अंकात घेते. चार पत्रं मात्र गाण्यामुळे आयुष्यात आलेल्या माणसांबद्दल होती आणि ती एकत्रच घ्यावीत असं वाटलं. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण त्यातल्या माणसांचा प्रश्न पुढच्या अंकापर्यंत थांबणारा नाही.

“ताई, माझं वय ६१. चिंचवडला राहते. मिस्टर गेले त्या वर्षी शेजारणीनं मला ओढूनच पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला, म्हणजे सवाईला, नेलं. भारतीय बैठकीत डाव्या हाताच्या खांबाजवळ बसलो. शेजारण पुढच्या वर्षी आली नाही, मी गेले. आजूबाजूला तीच माणसं. आता आम्ही सातजण आहोत. बँकेतून रिटायर झालेले काका (लग्न केलं नाही, कोथरूडला एकटे राहतात), हडपसरचे रिक्षावाले दादा, बेळगावच्या डॉक्टरबाई, आयटीतली दोन मुलं, शाळेतल्या एक बाई आणि मी. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी ऐकायला बसतो. कोरोनात सवाई झालं नाही, तेव्हा डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी सगळे फोनवर जमायचो आणि काका सांगतील ते रेकॉर्डिंग एकाच वेळी लावायचो.

यंदा पावसाळ्यात काका बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. दादा आणि मी त्यांना हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर विचारलं, ‘पेशंटचे कोण तुम्ही?’ आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. नागपूरचा भाचा दुसऱ्या दिवशी आला तो आमच्याशी तुटकच बोलला. माझा मुलगा बंगळुरूला असतो. तो म्हणतो, ‘आई, ती सगळी पाच दिवसांच्या ओळखीची माणसं. आता इकडेच ये.’ ताई, हे नातं म्हणायचं की नुसती ओळख? आणि मी जाऊ का?”

हे नातं आहे. त्याबद्दल मनात किंतु ठेवू नका.

तुम्ही ज्या मांडवात बसता, तो उभाच कशाच्या पायावर आहे ते बघा. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व १९५२ साली पुण्यात गेले आणि १९५३ पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी म्हणजे भीमसेनजी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीनं त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. म्हणजे शिष्यानं गुरूची आठवण जागती ठेवली. त्या दोघांत रक्ताचं काय होतं? काहीच नाही. भीमसेनजी अकरा वर्षांचे असताना गाणं शिकायचं म्हणून गदगचं घर सोडून पळाले, उत्तरेत भटकले आणि शेवटी घराजवळच्याच कुंदगोळला येऊन रामभाऊंच्या दारात राहिले. खुद्द रामभाऊ कानडी मुलखातले, त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँ उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला शिकायला जायच्या. फिरोज दस्तूर मुंबईचे पारशी. ही सगळी एका गाण्याची माणसं. जात वेगळी, भाषा वेगळी, घरात शिजणारं अन्नही वेगळं. तरी एकमेकांना ‘गुरुबंधू’, ‘गुरुभगिनी’ म्हणायची आणि आयुष्यभर तसं वागायची. गाणारे असं कुटुंब उभं करू शकतात तर ऐकणाऱ्यांनी का करू नये? मी तर म्हणेन, पुण्यात ऐकणाऱ्यांनी ते कधीच केलेलं आहे.

रेणुका स्वरूप शाळेच्या मैदानावरचं सवाई मला चांगलं आठवतं. तेव्हा रात्रभर गाणं चालायचं. थंडी जमिनीतून वर यायची, एका सतरंजीवर दोन घरं मावायची. कुणाचं लेकरू मध्यरात्री माझ्या मांडीवर येऊन झोपलेलं असायचं आणि त्याची आई दोन ओळी पुढे डोळे मिटून डोलत असायची. तिला ठाऊक असायचं की पोर कुणाच्या तरी मांडीवर आहे. दस्तूरजी बसले की मागून ‘गोपाला’ अशी हाक यायची, मग दुसरी, मग सगळा मांडव. ते हसायचे आणि वर्षानुवर्षं लोकांसाठी ‘गोपाला’ ही ठुमरी गायचे. शेवटच्या दिवशी भीमसेनजी झाले की सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची ध्वनिमुद्रिका लावत. आख्खा मांडव उभा राहायचा. ती संपली की कुणी लगेच निघत नसे. वर्षभर न दिसलेली आणि आता वर्षभर न दिसणारी माणसं सतरंज्यांच्या घड्या घालत एकमेकांच्या घरचं विचारत राहायची. मुलीचं ठरलं का, गुडघ्याचं काय झालं, बदली कुठे झाली.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्रभर चालणारं गाणं गेलं. मैदान बदललं, पुढे रमणबाग आली, २०१८ पासून मुकुंदनगर. ऐकणाऱ्यांच्या या वस्तीनं प्रत्येक वेळी आपली जागा नव्यानं शोधली. तुमचा डाव्या हाताचा खांब हा त्यातलाच एक पत्ता. तिथं दोष नाहीत असं नाही. सकाळी येऊन दहा माणसांची जागा सतरंजीनं धरून ठेवणारे आहेत, नवीन माणसाला राग ओळखता आला नाही म्हणून नाक मुरडणारे आहेत. पण भारतीय बैठकीत रिक्षावाले दादा आणि डॉक्टरबाई मांडीला मांडी लावून बसतात आणि एकाच समेला, तालाच्या पहिल्या मात्रेला, दोघांची मान हलते, हे आपल्या शहरांत आणखी कुठे फारसं दिसत नाही. तुमच्या मुलाला ‘पाच दिवसांची ओळख’ दिसते. कोरोनाच्या डिसेंबरात मांडव नव्हता, तिकीट नव्हतं, तरी तुम्ही सातजण जमलात. ते त्याला सांगा.

आता काउंटरवरचा प्रश्न. तो पुन्हा येईल, त्यामुळे उत्तर आत्ताच तयार ठेवायला हवं.

काका शुद्धीवर आहेत आणि निर्णय घेऊ शकतात, तोवर उपचारांची संमती त्यांनी स्वतः द्यायची असते. त्यांच्याबरोबर उभ्या माणसाला ‘मित्र’ असं लिहायला लाज वाटायचं कारण नाही, फॉर्मवर तसं ठामपणे लिहा. अडचण येते ती माणूस बोलू शकत नाही तेव्हा. म्हणून काका जरा हिंडूफिरू लागले की त्यांच्याकडे बसून एक कागद करा. रक्तगट, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, नेहमीच्या डॉक्टरांचं नाव, मेडिक्लेमचं कार्ड कुठे आहे, भाच्याचा नंबर आणि तुमच्यापैकी दोघांचे नंबर. एक प्रत त्यांच्या फ्रिजवर, एक दादांच्या रिक्षात, फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये. घराची एक किल्ली तुमच्यापैकी जो कोथरूडला सगळ्यांत लवकर पोहोचतो त्याच्याकडे असू द्या.

त्यापुढची पायरी म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला सगळे ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येतं. स्वतः बोलता येत नसेल आणि बरं होण्याची आशा नसेल, तर आपल्या वतीनं कुणी बोलायचं त्यांची नावं त्यात घालतात. काकांना भाच्याबरोबर तुमच्यापैकी कुणाचं नाव घालावंसं वाटलं तर शब्दरचना वकिलाकडून करून घ्या. बँकेतलं नॉमिनेशन आणि मालमत्तेचं मृत्युपत्र या आणखी दोन वेगळ्या गोष्टी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे स्वीकारणारा, हे काका बँकेतले असल्यानं त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. या दोन्ही बाबतींत तुमच्या गटानं काकांना काहीही सुचवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

का, ते सांगते. भाच्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. रात्री नागपुरात फोन येतो, मामा पडले. तो धावत येतो तर मामांच्या खाटेभोवती सहा अनोळखी माणसं, त्यांतल्या एकाला मामांच्या कपाटातली फाईल कुठे आहे तेही माहीत. मामा एकटे, फ्लॅट कोथरूडचा. एकट्या म्हाताऱ्या माणसांना गोड बोलून फसवल्याच्या बातम्या तो रोज वाचतो. तो तुटक बोलला, कारण त्याला मामांची काळजी आहे. अशा भाच्याला बाजूला सारू नका, आत घ्या. फिजिओथेरपीचे, औषधांचे जे पैसे तुम्ही भरता त्यांची पावती त्याच दिवशी त्याला पाठवा. पैशांचा हिशेब एकानंच ठेवावा, तो काकांनाही दाखवावा. आणि पुढच्या डिसेंबरात एक सीझन तिकीट भाच्यासाठी काढा. मामांना खुर्चीत बसवून, पायाखाली पाट देऊन तुम्ही कसं गाणं ऐकवता ते त्याला बघू दे.

राहता राहिला तुमचा प्रश्न. बंगळुरूला कायमचं जाऊ नका, निदान इतक्यात नको. तुमची तब्येत ठीक आहे, घर स्वतःचं आहे आणि तुमच्यावर विसंबलेली माणसं इथे आहेत. विसंबणारं कुणी असणं ही साठीनंतर फार मोठी मिळकत असते. मुलाकडे मात्र पाहुण्यासारखं चार दिवस जाऊ नका, दोन महिने राहायला जा. रामनवमीच्या सुमारास गेलात तर चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीराम सेवा मंडळीचा उत्सव चालतो, १९३९ पासूनचा. कर्नाटक संगीत जास्त असतं, पण मांडव बघताच तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. मुलाला बरोबर न्या. तिथे शेजारी बसलेल्या कुणा अम्मांशी तुमची गट्टी जमताना त्यानं पाहिली, की ‘पाच दिवसांची ओळख’ हे शब्द तो पुन्हा वापरायचा नाही. आणि गटातल्या माणसांबद्दल त्याच्याशी बोलताना ‘आमचा ग्रुप’ असं मोघम बोलू नका. कोण काय करतं, कुणाच्या घरी काय चाललंय, सगळं सांगा. आयटीतल्या त्या दोन मुलांशी त्याची फोनवर ओळख करून द्या. ती तुमच्या घरापासून किती अंतरावर राहतात हे कळलं तरी त्याचा अर्धा घोर जाईल.

“माझी मुलगी अकरावीत आहे. आम्ही लातूरला राहतो. बीटीएस नावाच्या कोरियन मुलांच्या गाण्यांनी तिला झपाटलंय. भिंतीवर तेच, दप्तरावर तेच, सगळं जांभळं. स्वतःच कोरियन लिपी शिकली. कोल्हापूर, मुंबई आणि इंफाळच्या मुलींशी रोज बोलते आणि त्यांना ‘माझी फॅमिली’ म्हणते. घरातल्यांना काय म्हणायचं मग? आता मुंबईत सगळ्या भेटणार आहेत, तिला जायचंय. मार्क चांगले आहेत म्हणून गप्प आहे. काय करू?” — एक वडील

आधी तुमच्या मनाला लागलेल्या ‘फॅमिली’बद्दल. तिनं तुम्हाला कुटुंबातून काढलेलं नाही. अकरावीतल्या मुलीला शाळा-कॉलेजात आपल्यासारखं कुणी सापडत नाही तेव्हा किती एकटं वाटतं, ते तिनं तुम्हाला सांगितलेलं नसणार. या मुली सापडल्या म्हणून तो एकटेपणा गेला. तुम्हाला दिसतंय ते तिच्या आनंदाचं रूप आहे.

महाराष्ट्राला तर हे वेड नवं नाहीच. बालगंधर्वांच्या काळात बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकत, त्यांच्यासारखे दागिने घडवून घेत, पुरुष गंधर्व टोपी घालत. गंधर्व मंडळीचा मुक्काम गावात पडला की लोक पिटाचं, म्हणजे सगळ्यांत स्वस्त जागेचं, तिकीट काढून तेच नाटक पुन्हा पुन्हा बघत, आणि पिटात रोज शेजारी बसणाऱ्यांची मैत्री जन्मभर टिके. तुमच्या आजोबांना कुणी विचारलं असतं तर त्यांनीही आपल्या पिटातल्या माणसांना घरचंच म्हटलं असतं.

हा गट आणि त्याचे चाहते यांच्याबद्दल थोडं जाणून घ्या, म्हणजे मुलीशी बोलायला विषय मिळेल. सातजणांचा हा गट जून २०१३ मध्ये लोकांसमोर आला. चाहत्यांना ‘आर्मी’ म्हणतात, ते नाव त्याच वर्षीचं. जांभळ्या रंगाची गोष्ट २०१६ मधली. त्यांच्यातल्या एकानं कार्यक्रमात चाहत्यांना उद्देशून एक शब्द बनवला, अर्थ साधारण असा की इंद्रधनुष्यातला शेवटचा रंग जांभळा, तसे शेवटपर्यंत एकमेकांवर विश्वास ठेवू. तेव्हापासून ‘बोराहे’ हा त्यांचा रामराम झाला. कोरियात पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. ती सातहीजण करून येईपर्यंत, म्हणजे जून २०२५ पर्यंत, या मुलींनी वाट पाहिली. जून २०२० मध्ये गटानं अमेरिकेतल्या वर्णभेदविरोधी चळवळीला दहा लाख डॉलर दिले, तर चाहत्यांनी साधारण एका दिवसात तेवढेच आपापसांत गोळा करून दिले. पोस्टरवर पैसे उडवणाऱ्या पोरींचं हे काम नव्हे. त्यांना एकत्र काम करता येतं.

आणि इंफाळच्या मैत्रिणीकडून तुमची मुलगी जे शिकेल ते लातुरात तिला कुणी शिकवणार नाही. मणिपूरमध्ये २००० साली एका बंडखोर संघटनेनं हिंदी सिनेमांवर बंदी घातली आणि त्या पोकळीत कोरियन मालिका, गाणी घराघरात गेली. त्या मुलीसाठी ही गाणी म्हणजे लहानपण. एका गाण्यामुळे लातूर आणि इंफाळ रोज एकमेकांशी बोलतायत. मला याचं फार अप्रूप वाटतं.

मुंबईला जाऊ द्या, पण तुम्ही बरोबर जा. भेट दिवसा, गर्दीच्या कॅफेत. तिच्या टेबलावर बसू नका, दोन टेबलं सोडून बसा, चहा घ्या, पेपर वाचा. आधी त्या मुलींच्या आईवडिलांशी फोनवर बोलून घ्या. आवाज ऐकलेला, व्हिडिओ कॉलवर पाहिलेला नसेल त्या ‘मैत्रिणी’ला भेटू देऊ नका, तिथे मऊ पडू नका. घराचा पत्ता, कॉलेजचं नाव, स्वतःचे फोटो, बँकेचा ओटीपी यांतलं काही कुणाला द्यायचं नाही, हे तिला एकदा शांतपणे सांगा.

पैशांचं एक खास सांगते, कारण तिथे फसवणूक होते. यांच्यात ‘ग्रुप ऑर्डर’ चालते. एक मुलगी सगळ्यांचे पैसे घेऊन कोरियाहून अल्बम मागवते, कस्टम ड्युटी वाटून घेतात आणि अल्बममधून निघालेली फोटोकार्डं, पत्त्याएवढी असतात ती, प्लास्टिकच्या कव्हरात घालून पोस्टानं पाठवते. बहुतेक मुली प्रामाणिक असतात. पण पैसे भरल्यावर माल यायला महिने लागतात आणि मधेच कुणी गायब झालं तर दाद मागायला जागा नसते. म्हणून जुन्या, आधी माल पोहोचवलेल्या मुलीकडेच ऑर्डर द्यावी, पावतीचा स्क्रीनशॉट ठेवावा आणि महिन्याची रक्कम तुम्ही दोघांनी ठरवावी. ती रक्कम तिच्या हातात द्या. हिशेब तिनं ठेवावा.

आणि हो, तिला एखादं गाणं ऐकवायला सांगा. अर्थासकट. मधेच उठू नका.

“चिपळूणजवळ राहतो, लोटे एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम. यूट्यूबवर कुमार गंधर्व ऐकले आणि वेडा झालो. पण आमच्यात कुणी हे ऐकत नाही. मैफिलीला एकटं जायची भीती वाटते. राग कळत नाही, दाद कधी द्यायची कळत नाही.”

राग कळणं ही तिकिटाची अट नाही, निर्धास्त जा. रत्नागिरीत थिबा पॅलेसच्या आवारात जानेवारीत आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव असतो, तुम्हाला तो सगळ्यांत सोयीचा. शिफ्ट आधी बदलून घ्या. मिरजेला कधी जमलं तर मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात जा. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे आणि गाणारे त्यांच्यापुढे हजेरी लावायला येतात. जाताना तंतुवाद्यं घडवणाऱ्यांच्या गल्लीतही डोकावा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा कापून, वाळवून, त्यावर लाकडी तबली बसवणारे कारीगर गिऱ्हाईक नसलेल्या माणसाशीही बोलतात.

पहिल्यांदा जाल तेव्हा मध्यभागी बसू नका, कडेला आणि थोडं मागे बसा. तिथून गाणाऱ्याइतकेच ऐकणारे दिसतात. जाणती माणसं कुठे थबकतात, कुठे मान टाकतात ते बघा. दाद तोंडून आपसूक निघाली तर द्या, ठरवून नको. आलाप चालू असताना शेजाऱ्याला ‘कुठला राग’ विचारू नका. मध्यंतरात चहाच्या रांगेत विचारा. ‘मघाशी काय होतं हो ते, मला कळलं नाही पण फार आवडलं’, एवढं एक वाक्य पुरतं. ऐकणाऱ्या माणसाला नवा ऐकणारा भेटला की तो सोडत नाही. घरी बोलावेल, रेकॉर्डिंगं देईल, परतीच्या एसटीची वेळ विचारेल. तुम्हीही त्याचा नंबर घ्या आणि पुढच्या कार्यक्रमाच्या आधी फोन करा. संकोचानं लोक इथेच थांबतात आणि वर्षानुवर्षं एकटे ऐकत राहतात.

“बाबा मार्चमध्ये गेले. कोल्हापूरच्या घरात त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आहेत, तीन कपाटं भरून. दर गुरुवारी त्यांची मित्रमंडळी ऐकायला यायची. एका वहीत तारीख, काय ऐकलं, कोण आलं होतं, सगळं लिहिलेलं आहे. आम्ही भावंडं बाहेरगावी. भंगारवाला किलोनं मागतोय. मन होत नाही. काय करावं?”

भंगारवाल्याला आजच नाही सांगा आणि कपाटांना कुलूप लावा.

तुमच्याकडची सगळ्यांत मोलाची वस्तू ती वही आहे. तबकड्यांच्या दुसऱ्या प्रती कुठे ना कुठे सापडतात, गुरुवारची वही एकच. तिच्यातली नावं काढा आणि एकेकाला फोन करा. बाबा गेल्याचं काहींना कळलेलंही नसेल. दिवसकार्याला त्यांना बोलवायचं राहून गेलं असेल तर त्याबद्दल काही बोलू नका, एका गुरुवारी घरी बोलवा. ऐकायला. कुठली तबकडी कुठे ठेवलीय, कुठली दुर्मीळ, कुठल्या तबकडीत गाणं संपल्यावर गायिका स्वतःचं नाव सांगते, हे त्यांनाच ठाऊक असणार. (ते नाव सांगणं मुद्दाम असे. १९०२ मध्ये भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा तबकड्या परदेशात छापून यायच्या आणि तिथल्या कामगारांना गाणारा कोण ते कळायला ही खूण लागायची.) ते बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यांच्यापैकी कुणाकडे जागा आणि उमेद असेल तर गुरुवार त्यांच्या घरी चालू राहू शकतो. तसं झालं तर संग्रह फोडू नका, त्यांच्याकडे सोपवा आणि सोपवल्याचा कागद करा.

तसं कुणी पुढे आलं नाही, तर मुंबईची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे. १९९० साली संग्राहकांनीच ती स्थापन केली. एकत्र बसून तबकड्या ऐकणं, त्यांच्यावर लिहिणं, नव्या माणसाला शिकवणं हे तिथे चालत आलं आहे. त्यांच्याशी बोलण्याआधी यादी करा. प्रत्येक तबकडीचं लेबल, त्यावरचा क्रमांक, कलाकार, दोन्ही बाजूंची गाणी आणि तडा असेल तर तो. यादीशिवाय कुणीच काही सांगू शकत नाही.

यादी करताना जपा. या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असतात, पडल्या की काचेसारख्या फुटतात. एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, एका वेळी थोड्याच उचला. धूळ मऊ ब्रशनं काढा. फारच मळ असेल तर साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा, कागदी लेबलाला पाणी लागू देऊ नका आणि लगेच कोरड्या करा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नको, त्यात लाख विरघळते. एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या मोठ्या तबकड्यांच्या, सुईवर त्या वाजवू नका, ७८ च्या खोबणीला जाड सुई लागते. बाबांचा चावीचा ग्रामोफोन असेल तर पोलादी सुई दर बाजूला नवी घाला. गुरुवारच्या मंडळींना फोन कराल तेव्हा सुयांची डबी कुठून आणायचे तेही विचारून घ्या.